कपाटातले विज्ञान आपल्या मुलांच्या हाती

नववीत शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, "बाळा, त्वरण म्हणजे काय?" तो एका दमात सांगेल, "वेगबदलाचा दर म्हणजे त्वरण." लगेच पुढचा प्रश्न विचारा, "ते तू कधी मोजून पाहिलेस का?" आता तो जमिनीकडे पाहू लागतो. त्याचा दोष नाही. त्याला व्याख्या दिली, सूत्र दिले, उदाहरणे सोडवायला दिली. मोजायला काही दिले नाही.

आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या पडवीत नववी-दहावीच्या मुलामुलींचा वर्ग घेतो. आमच्यात विज्ञानाचा पदवीधर एकही नाही. आम्ही स्वतः बी.कॉम., कचेरीत कारकुनी करणारे. जमाखर्चाचा ताळा घ्यावा तसा पदार्थविज्ञानाचा ताळाही घेता येतो, एवढ्या भरवशावर आम्ही या कामात पडलो. गेल्या काही महिन्यांत पडवीत जे प्रयोग झाले, ते समाजबांधवांपुढे ठेवावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

कपाटाची चावी

जालना जिल्ह्यातील ज्या शाळेत आमचे शिक्षण झाले, तेथे विज्ञानाचे एक काचेचे कपाट होते. त्यात तानकाटा होता, लोलक होता, भिंगे होती, लोहचुंबक होता. कपाटाला कुलूप असे आणि चावी शिपायाकडे असे. तपासणीला साहेब यायचे असले की कपाट उघडे, धूळ पुसली जाई. साहेब गेले की कुलूप पुन्हा जागेवर. प्रयोगवही मात्र प्रत्येकाची पूर्ण असे! आदल्या वर्षीच्या मुलाची वही आणायची आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. निरीक्षणेही त्याचीच, उत्तरही त्याचेच. आज दहावीला विज्ञानाच्या दोन भागांना चाळीस-चाळीस आणि प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत. पण अनेक ठिकाणी ही वही अजून तशीच भरली जाते, हे पालकांना ठाऊक आहे आणि मुलांनाही.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला शिपायाने नळ उघडल्याशिवाय पाणी पिता येत नसे, बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो नळ आणि हे कपाट एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. तेथे जात आडवी येत होती. येथे गरिबी, अनास्था आणि वस्तू फुटेल ही भीती आडवी येते. पण हाताचा स्पर्श न होता मिळालेले ज्ञान आपले होत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? म्हणूनच १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय बाबासाहेबांनी सुरू केले, त्यात कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही होती. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील पोरांनी प्रयोगशाळेत उभे राहावे, ही त्यामागची दृष्टी होती.

फोनच्या पोटातला काटा

आता कपाट उघडण्याची वाट पाहायची गरज उरलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि वस्तीतल्या अनेक घरांनी पोटाला चिमटा काढून, हप्त्यावर का होईना, स्मार्टफोन घेतला. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण फोनला कसे कळते की आपल्याला आडवे केले? तेच त्वरणमापकाचे, म्हणजे त्वरण-संवेदकाचे काम. मोटारीची धडक होताच एअरबॅग फुगते, तीही अशाच संवेदकाच्या इशाऱ्यावर.

हा संवेदक काही मिलिमीटरच्या चिपमध्ये बसवलेला असतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोनला हिसका बसला की तुकडा मागे राहतो. बसमध्ये उभा असलेला माणूस बस सुटताच मागे झुकतो, अगदी तसा. तुकडा सरकला की शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्याबरोबर तेथे वीज साठण्याची क्षमता बदलते आणि त्यावरून चिप त्वरणाचा आकडा काढते. फोनच्या रुंदीची, लांबीची आणि पडद्यातून आरपार जाणारी अशा तीन दिशांना ही मोजणी होते, सेकंदाला शंभर वेळा किंवा त्याहूनही अधिक.

हे आकडे पडद्यावर दाखवणारी काही ॲप मोफत मिळतात. आम्ही जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेले 'फायफॉक्स' वापरतो. एकदा उतरवून घेतले की प्रयोगाला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रिचार्ज संपलेला फोनही चालतो. पडद्याला तडा गेलेला जुना फोनसुद्धा चालतो. त्यात 'गुरुत्वासह त्वरण' आणि 'गुरुत्वाविना त्वरण' असे दोन प्रकार आहेत. नवशिक्याने पहिल्यापासून सुरुवात करावी.

पहिला प्रयोग : काही न करण्याचा

फोन फरशीवर उताणा ठेवला. मुलांना वाटले, फोन स्वस्थ आहे म्हणजे त्वरण शून्य येणार. पडद्यावर आले ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग! सगळे बुचकळ्यात पडले. एक मुलगा म्हणाला, "काका, फोन बिघडलाय."

फोन बिघडलेला नव्हता. भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आठवा. त्याला वांग्यांची पिशवी अडकवली की काटा हलत नसला तरी स्प्रिंग ताणलेलीच असते. फोनमधला सिलिकॉनचा तुकडाही पृथ्वीच्या ओढीने असाच खाली लोंबतो आणि स्प्रिंग तो ताण ९.८ म्हणून नोंदवते. आता पिशवीसकट तो काटा हातातून सोडून दिला तर? काटा आणि पिशवी दोन्ही एकाच त्वरणाने पडतात, कोणी कोणाला ओढत नाही, स्प्रिंग सैल पडते आणि काटा शून्यावर येतो. म्हणून टेकलेला फोन ९.८ दाखवतो आणि पडणारा फोन शून्य. पुस्तकातले गुरुत्व त्वरण पाठ असलेल्या मुलांना हे कोणी सांगितले नव्हते. आम्हालाही पुष्कळ वाचावे लागले तेव्हा उमगले.

मग फोन भिंतीला टेकून उभा केला, तेव्हा ९.८ हा आकडा लांबीच्या दिशेला गेला. साठ सेंटीमीटरच्या फळीचे एक टोक तीस सेंटीमीटर उंच केले, म्हणजे ३० अंशांचा उतार झाला, आणि फोन त्यावर लांबीने ठेवला. लांबीच्या दिशेला आले ४.९, म्हणजे बरोबर निम्मे. त्रिकोणमितीच्या पुस्तकात तीस अंशांच्या 'साईन'ची किंमत अर्धी का लिहितात, हे एका मुलाला त्या फळीवर कळले. तो म्हणाला, "हे तर खरंच आहे!" जणू इतके दिवस ते खोटे होते.

एक सूचना. स्वस्त फोन ९.८ ऐवजी ९.७ किंवा ९.९ दाखवू शकतो. घाबरू नये. दुकानदार रिकाम्या तराजूचा पासंग पाहतो तसा आपल्या फोनचा फरक आधी टिपून ठेवावा.

दुसरा प्रयोग : वाकळीवर पडणारा फोन

जुना फोन कापडी पिशवीत घट्ट बांधला, दोऱ्याने टांगला आणि खाली वाकळीच्या चार-पाच घड्या घातल्या. फोनच्या तळापासून वाकळीपर्यंतचे अंतर ८० सेंटीमीटर. नोंद सुरू करून दोरा कापला. आलेखात आधी ९.८ ची सरळ रेघ, मग एकदम शून्याजवळ खाली, मग वाकळीवर आपटल्याचा उंच सुळका. शून्याजवळचा तुकडा मोजला तर ०.४० सेकंद. पडण्याचे सूत्र मुलांना येतच होते : अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. उत्तर आले १०.

पुन्हा केला, तेव्हा वेळ आला ०.४१ आणि उत्तर ९.५! सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाची चूक उत्तर एवढे हलवते. म्हणून एकदाच मोजून भागत नाही. दहा वेळा मोजायचे आणि सरासरी घ्यायची. गॅलिलिओच्या काळी तर सेकंद अचूक मोजणारे घड्याळच नव्हते. त्याने उतारावरून गोळे सोडले आणि भांड्यातून गळालेले पाणी तोलून वेळ मोजला. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने हे सांगितले आहे. जड वस्तू आधी पडते, हे शेकडो वर्षे विद्वानांनी मान्य केले होते. त्याने थोरांचा शब्द बाजूला ठेवून मोजून पाहिले. आपल्या मुलांकडे गॅलिलिओपेक्षा चांगले साधन आहे. अभाव असेल तर तो मोजून पाहण्याच्या वृत्तीचा.

तिसरा प्रयोग : पाळणा

या प्रयोगाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

नववीतली एक मुलगी आहे. आई कापूस वेचायला जाते, वडील लोखंडाच्या मिलमध्ये. घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर ड्युटीवर जातो, रविवारी तेवढा घरी असतो. फोन घेऊन ती पहिल्यांदा आली तेव्हा आई मागोमाग आली. म्हणाली, "भाऊ, पोरीच्या हातात मोबाइल दिला की लोक नावं ठेवतात. तुम्ही विहारात मोबाइल शिकवायला लागलात व्हय?" आम्ही म्हटले, "ताई, तुम्ही बसा. पाहा. पटलं नाही तर उद्यापासून पाठवू नका." माउली पडवीच्या कडेला बसली.

फोन कापडी पिशवीत ठेवून पडवीच्या कडीला दोरीने टांगला. मुलीने थोडा झोका दिला आणि नोंद सुरू केली. दोरीच्या दिशेच्या त्वरणाचा आलेख लाटेसारखा उमटला. येथे फसायला होते. झोका मधोमध येतो तेव्हा दोरीला सर्वांत जास्त ताण बसतो आणि एका पूर्ण हेलकाव्यात तो दोनदा मधोमध येतो. म्हणून दोन शिखरे मिळून एक हेलकावा धरायचा. मुलीने चाळीस शिखरे मोजली, म्हणजे वीस हेलकावे, वेळ ३८.१ सेकंद. एका हेलकाव्याला १.९०५ सेकंद. दोरी तिने पट्टीने मोजली होती, ८० सेंटीमीटर. सूत्रात आकडे घातले आणि उत्तर आले ८.७.

तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "काका, चुकलं. ९.८ लिहू का?"

वाचकहो, या चार शब्दांत आपली सारी शिक्षणपद्धती आली! उत्तर आधीच ठरलेले आहे. आपण फक्त ते उतरवायचे. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याही मनात आले की, लिहू द्यावे, पोर खूश होईल. आम्हीही आमच्या वहीत तेच केले होते. पण हिशेबात आठ रुपये सत्तर पैसे जमले असताना नऊ रुपये ऐंशी पैसे लिहिणाऱ्याला काय म्हणतात, हे कारकुनाला चांगले ठाऊक असते. आम्ही म्हटले, "बाळ, जे आलं ते लिही. ८.७ लिही. मग चूक कुठं आहे ते शोधू."

शोधाशोध सुरू झाली. शिखरे पुन्हा मोजली, बरोबर. गुणाकार पुन्हा केला, बरोबर. झोका फार मोठा होता का? नाही. एवढ्यात कडेला बसलेली आई म्हणाली, "दोरी तर मोजली तुम्ही. पण झोका काय दोरीच घेती का? पिशवी बी घेती की."

सगळे गप्प झाले. माउलीने नेमके बोट ठेवले होते. मुलीने कडीपासून पिशवीच्या गाठीपर्यंत मोजले होते. फोनचा मध्य त्या गाठीच्या खाली दहा सेंटीमीटर होता. लोलकाची लांबी वजनाच्या मध्यापर्यंत धरावी लागते. ८० च्या जागी ९० घातले आणि उत्तर आले ९.७९. आपला जिल्हा विषुववृत्तापासून साधारण वीस अंश उत्तरेला आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे व तिच्या आकारामुळे विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८, तर ध्रुवावर ९.८३ असते, आपल्याकडे ते ९.७९ च्या जवळपास यायला हवे. हप्त्यावर घेतलेल्या फोनने आणि सुताच्या दोरीने विहाराच्या पडवीत ते मोजले गेले!

मुलीने वहीत दोन्ही उत्तरे लिहिली, ८.७ आणि ९.७९, आणि मध्ये एक ओळ : 'लांबी चुकीची मोजली होती, आईने दाखवले.' आम्ही आजवर पुष्कळ प्रयोगवह्या पाहिल्या. एवढी खरी वही पाहिली नव्हती.

मग एका आजींनी विचारले, "पाळण्यात लेकरू जड असो का हलकं, पाळणा सारखाच हालतो. असं का?" मुलांनी तेही करून पाहिले. तेवढ्याच मापाचा दुसरा फोन पहिल्याला पाठीला पाठ लावून बांधला. वजन दुप्पट झाले, वेळ तोच राहिला. आजींचे निरीक्षण बरोबर निघाले. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण तिला हलवायलाही तेवढेच जास्त बल लागते. लोलकाच्या सूत्रात वजनाला जागाच नाही ती यामुळे.

चौथा प्रयोग : एस.टी.तला

हा प्रवासात करता येतो. फोन समोरच्या सीटच्या पाठीवर घट्ट धरावा आणि बसने ब्रेक लावला की आलेख पाहावा. ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने जाणारी बस पाच सेकंदांत थांबली तर सरासरी त्वरण येते २, तेही उलट दिशेला. आपण पुढे का झुकतो, हे मुलाला त्या रेघेतून कळते. ड्रायव्हर सांभाळून चालवतो की हिसके देतो, हेही कळते!

हुशारी कोणाच्या घरची?

"हे सारं आपल्या पोरांना झेपेल का?" असा प्रश्न काही समाजबांधव विचारतात. दुर्दैवाने तो आपल्याच तोंडी बसला आहे. त्याचे उत्तर मुंबईत फार पूर्वीच मिळाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. तेथील वि. गो. कुलकर्णी व सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले आणि १९८५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अडचण बुद्धीची नव्हती. पुस्तकाची भाषा मुलांना परकी होती आणि हाताने करून पाहण्याची संधी त्यांना मिळत नव्हती. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. हुशारी वंशपरंपरेने येते असे सांगणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

पडवीत आम्ही हेच पाहतो. 'त्वरण' हा शब्द मुलांना परका वाटतो. 'हिसका' म्हटले की डोळे चमकतात. आधी हिसका, मग आकडा आणि शेवटी त्वरण, असा आमचा क्रम आहे.

काय करता येईल?

प्रत्येक विहारात एक खोकडे ठेवावे. त्यात सुताची दोरी, मोजपट्टी, साठ सेंटीमीटरची फळी, कापडी पिशव्या आणि कोणाच्या घरात पडून असलेला एक जुना फोन. या खोक्याला कुलूप लावू नये, हा आमचा आग्रह आहे. वही प्रत्येक मुलाची वेगळी असावी आणि चुकलेले उत्तर खोडू नये.

गावातल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, याची पालकांनी चौकशी करावी. केंद्र सरकारच्या या योजनेत २०१६ पासून निवडलेल्या शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. लॅब असेल तर आपली मुले तेथे हात लावतात की नुसती बाहेरून पाहतात, हेही विचारावे. शिक्षकांशी भांडण नको. पुष्कळ शिक्षकांना मनातून हे करायचे असते, त्यांना दोन माणसांची साथ हवी असते.

आणि १४ एप्रिलला डी.जे.च्या भिंतीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांना एक विनंती. त्यातले थोडे पैसे बाजूला काढा. मिरवणुकीच्या मार्गावर एक टेबल मांडा, दोरीला फोन टांगा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पृथ्वीची ओढ मोजून दाखवा. जयंती अशीही साजरी होते.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका; स्वतः पारखून घ्या. धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे 'ये आणि पाहा' असे म्हणणारा आहे, हे आपण वंदनेत रोज म्हणतो. आम्हालाही त्याचा अर्थ पाठच होता. ८.७ हे उत्तर न खोडता त्या पोरीने मान वर करून पुन्हा पट्टी हातात घेतली, तेव्हा तो समजला.

तिची आई आता दर रविवारी येते. फोन ती स्वतःच पदरात गुंडाळून आणते.

जय भीम!